पहिली फुंक

१२ जून

ताई,

भाऊजी सुखरूप पोचले असतील. महिनाभर आम्ही त्यांना राबवून घेतलं, त्याबद्दल मला हव्या तेवढ्या शिव्या दे. पण ते धावून आले नसते तर त्या हॉटेलवाल्यांच्या दिव्यांच्या काचा या जन्मात पुऱ्या झाल्या नसत्या. लंबूने ऐन कामाच्या वेळी हात मोडून घेतला. लंबू आठवतो ना, आमचा भट्टीवरचा माणूस, दारातून वाकून आत येतो तो. भट्टीतून काचेचा गोळा फुंकणीच्या टोकावर उचलायचा आणि पहिली फुंक मारायची, हे त्याचं काम. भाऊजींनी लग्नाआधी बाबांच्या हाताखाली हेच केलं होतं म्हणून निभावलं. नाहीतर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला भट्टीपुढे कोण उभं करतं. उस्तादांनी एकदाही नाक मुरडलं नाही, आणि माझ्या नवऱ्याला दुसऱ्याचं काम पसंत पडणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. सगळे उस्ताद म्हणतात म्हणून मीही म्हणायला लागले, ते आता सुटत नाही.

तर पहिली फुंक भाऊजींची. मग ती फुंकणी उस्तादांच्या बाकावर. ते बसल्या बसल्या फिरवून आकार देणार, आणि त्यांनी मान हलवली की खाली पाटावर बसून मी दुसऱ्या टोकाने फुंकणार. काच काही आपल्यासाठी थांबत नाही. मी फुंकणीचं तोंड पदराने पुसायला गेले की उस्ताद खेकसायचे, पुसत काय बसलात, गार होतंय. शेवटी शेवटी पुसणं सोडूनच दिलं.

आता तू ओरडायच्या आधीच सांगते, काम संपलं, मी भट्टीपुढे जाणं बंद केलंय. चौथा लागलाय. मे महिना लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी रक्त, लघवी, सगळं तपासलं होतं. सगळं ठीक. खालच्या ओठावर मात्र फुंकणीचा एक फोड उठलाय. बटणासारखा कडक, पण दुखत अजिबात नाही. जबड्याखाली एक गाठ आहे, तीही दुखत नाही. लोणी चोपडते आहे.

फोन केला असता, पण सासूबाईंची खाट फोनला लागूनच आहे. म्हणून हे लिहीत बसले.

भाऊजींना नमस्कार.

तुझी धाकटी


२५ जून

धाकटे,

फोड दुखत नाही ना, मग कसली काळजी करतेस. न दुखणाऱ्या दुखण्याचं कौतुक करायला तू काय राजकन्या आहेस का. पोटुशीच्या अंगाला काही ना काही चालूच असतं. माझ्या दोन्ही वेळेला मला काय काय झालं होतं ते लिहायला घेतलं तर पाकिटात मावणार नाही. लोणी लाव आणि गप बस.

आमचे हे आल्या दिवशी आंघोळ करून जे निघाले ते पुढच्या गावी, कुठल्याशा इस्पितळाची लिफ्ट अडकली म्हणून. मी विचारलं, माझ्या बहिणीची तब्येत कशी आहे, तर म्हणाले, आहे बरी. झालं. महिनाभर राहून आलेल्या माणसाकडे एवढीच बातमी. तुझी पत्रं आहेत म्हणून मला काही कळतं.

इकडे शाळेच्या गणवेशांचा हंगाम आहे. आमच्या शिवणखात्यात बायका जेवायला उठतात ती सुद्धा गळ्यात टेप अडकवून. मला स्वप्नात कॉलर दिसतात. एका मुलीने काल अख्खी थप्पी उलट्या बाजूने शिवली आणि वर मलाच विचारते, बाई, चालेल ना.

दूध पी. डाव्या कुशीवर झोप. सासूबाई काही बोलल्या तर या कानाने ऐक, त्या कानाने सोड.

ताई


१४ ऑगस्ट

ताई,

मधे पत्र नाही, कारण लिहायला हात उचलत नव्हता. आता तरी काय लिहायचं आहे. फोड कधीच बरा झाला, आपोआपच, वणसुद्धा नाही. गाठ मात्र आहे.

गेले काही दिवस अंगात कसकस असते. घसा धरलाय. केस विंचरायला बसले की झुपके हातात येतात, आणि कानामागे तर नाणं बसेल एवढी जागा मोकळी झालीये. सासूबाई म्हणतात, पोटात मुलगी असली की आईचं रूप ओढून घेते. तळहातांवर तांबूस डाग उठलेत, मसुरीएवढे. खाज नाही. मी म्हटलं भट्टीची धग असेल, पण भट्टीपुढे जाऊन दोन महिने झाले. आणि तसेच डाग तळपायांवरही आहेत. पायाने तर मी कधी भट्टी पेटवली नाही.

पुढच्या तपासणीला अजून अवकाश आहे. एवढ्याशासाठी मधेच जायचं म्हणजे उस्तादांचा दिवस मोडतो. तू म्हणालीसच की काही ना काही चालू असतं.

बाळ हलतं. दुपारी जास्त. तेवढं एक समजतं, बाकी सगळं पाण्याखालून ऐकू आल्यासारखं वाटतं. परवा दूध उतू गेलं आणि मी ते जाताना बघत उभी राहिले.

भाऊजींना नमस्कार.

धाकटी


१९ ऑगस्ट

धाकटे,

हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे जायचं. उद्या नाही.

तुझं पत्र मी वरच्या मजल्यावरच्या सिस्टरना वाचून दाखवलं. त्या बाळंतपणाच्या वॉर्डात काम करतात. मी आपली केसांचं सांगून तेल विचारायला गेले होते. तळहात आणि तळपाय दोन्हीवर डाग, आणि खाज नाही, हे ऐकल्यावर त्यांनी मला थांबवलं. विचारलं, त्याआधी कुठे फोड आला होता का, न दुखणारा, आपोआप गेलेला? मी म्हटलं, ओठावर. गाठ? म्हटलं, आहे. त्या खाली बसल्या.

त्यांचं म्हणणं, याला उपदंश म्हणतात, सिफिलिस. लैंगिक संबंधातून होणारा आजार. पहिला फोड दुखत नाही म्हणूनच बायका फसतात. तो बरा झाला की वाटतं संपलं, पण रोग आत शिरलेला असतो. नंतर हे डाग, ताप, घसा, केस. पोटुशी बाईला वाटतं सगळं पोटामुळेच. डागही आपोआप जातात म्हणे, तेव्हा गेले म्हणून खूश होऊ नकोस. तुझं मे महिन्यातलं रक्त ठीक होतं ते तेव्हापुरतं, त्यानंतर लागण झाली असेल तर त्यात कसं दिसणार.

आता नीट वाच. हे आईकडून पोटातल्या बाळाला जातं. उपचार केला नाही तर बाळ दगावू शकतं, किंवा आजार घेऊन जन्मतं. पण पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरं होतं, आईचं आणि बाळाचं दोघांचं, आणि तुझ्याकडे अजून वेळ आहे. त्या चुकत असतील तर मी त्यांचे पाय धरीन. पण तू जा. फोडाचं सांग, लाजू नकोस.

भट्टी लंबूला सांभाळायला सांग, उस्तादांचा दिवस मोडला तर मोडला.

ताई


२ सप्टेंबर

ताई,

सिस्टर चुकल्या नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी हात उलटे सुलटे करून बघितले, मग चपला काढायला सांगितल्या, आणि मग दार लावून घेतलं. दार लावलं तेव्हाच मला कळलं. रक्ताचं दोन दिवसांनी सांगितलं. त्याच दिवशी कमरेत इंजेक्शन दिलं. रात्री सणकून ताप आला, तो येणार असं त्यांनी सांगूनच ठेवलं होतं, म्हणून तिथेच ठेवून घेतलं होतं. बाळाचे ठोके ऐकत बसल्या होत्या. काल दुसरं इंजेक्शन झालं. बाळ वाचेल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, बहुतेक काही होणार नाही, पण जन्मल्यावर त्याचं रक्त तपासेपर्यंत मी शब्द देणार नाही. चांगली बाई आहे. खोटं बोलत नाही.

मग म्हणाल्या, नवऱ्याला घेऊन या.

मी घरी येऊन उस्तादांना सांगितलं. ते तेव्हा एका काचेची कड घासत होते. त्यांनी ती पुरी घासली, पुसली, ठेवली. मग म्हणाले, कधी जायचं? बस. मला वाटलं होतं मी काहीतरी फेकीन, रडीन. मी चहा गाळला. त्यांचा कप त्यांच्यापुढे ठेवताना मनात आलं, हा माणूस कुणाकडे जाऊन आला, आणि ते मनात आलं तेही दुसऱ्या कुणाच्या घरातली गोष्ट असल्यासारखं. त्या दिवसापासून ते कारखान्यातल्या बाकड्यावर झोपतात. मी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

डाग फिके पडलेत. मला काही वाटत नाही, ताई. वाटायला पाहिजे ना काहीतरी.

भाऊजींना नमस्कार.

धाकटी


८ सप्टेंबर

धाकटे,

तुला वाटत नसेल तर राहू दे, मला दोघींच्या वाटणीचं वाटतंय. तुझं पत्र वाचलं आणि कात्री हातात होती ती मी टेबलावर आपटली. सगळ्या मशीन थांबल्या.

बाबांनी त्या माणसाला भट्टी दिली, हत्यारं दिली, लेक दिली. आणि बायको पोटुशी असताना याला बाहेर तोंड मारायला सुचलं. वर म्हणतो, कधी जायचं. जसं काही लग्नाला जायचंय. बाकड्यावर झोपतोय म्हणून त्याची कीव करू नकोस. गुन्हेगारच असा तोंड शिवून बसतो.

तू इकडे निघून ये. मी खोली रिकामी करते. बाळंतपण इथे होईल, सिस्टर वरच आहेत. हे तर महिन्यातले निम्मे दिवस फिरतीवरच असतात, घरात आपण दोघीच. आणि ह्यांच्याबद्दल तू संकोच करू नकोस. फिरतीवरचा माणूस, गावोगावच्या लॉजमध्ये राहतो, पण इतक्या वर्षांत माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली नाही. अशी माणसंही असतात. तुझ्या नशिबी तो आला.

इंजेक्शनं पुरी झाली का ते लिही. बॅग भर.

ताई


३ ऑक्टोबर

ताई,

बॅग भरली नाही. उस्तादांचं रक्त स्वच्छ आलं.

एकदा तपासलं, स्वच्छ. काही आठवड्यांनी परत तपासलं, परत स्वच्छ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यांना नाही, आणि यांच्याकडून तुम्हाला लागलेलं नाही. मग त्यांनी आम्हाला विचारलं, तुम्ही एकमेकांजवळ कधीपासून नाही. उस्तादांनी सांगितलं, मे महिन्यातल्या त्या पहिल्या तपासणीपासून. त्यांनाच भीती वाटायची, बाळाला काही होईल म्हणून. त्यामुळेच तुम्ही वाचलात, असं बाई त्यांना म्हणाल्या. परत येताना रिक्षात उस्ताद बाहेर बघत होते. घराच्या दाराशी त्यांनी एकदाच विचारलं, कोण. मी म्हटलं, कुणी नाही. त्यांनी मान हलवली. फुंक म्हणून सांगताना हलवतात तशीच हलवली, आणि आत गेले.

सासूबाई माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. परवा शेजारणीला म्हणाल्या, आमच्याकडे होणार आहे, कुणाचं ते देवाला माहीत. दार उघडंच होतं.

डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला बसवून विचारलं. मी आहे ते सांगितलं. त्यांनी माझा केसपेपर पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, ओठावरचा फोड, आणि तुम्ही काच फुंकता. फुंकणी आणखी कोण तोंडाला लावतं? फार क्वचित होतं, पण पूर्वी काच कारखान्यांत असं झाल्याचं नोंदलेलं आहे. एकाच्या ओठावर फोड, फुंकणी ओलीच दुसऱ्याच्या तोंडात, की लागण होते. मी म्हटलं, मी आणि लंबू. लंबूला बोलावलं. बिचारा सुईला घाबरून रडकुंडीला आला. त्याचं रक्तही स्वच्छ आलं. त्यामुळे तो विषय संपला.

बाळ ठीक आहे. मी ठीक आहे. तू येऊ नकोस, मीही येत नाही. इथेच बरं आहे.

धाकटी


११ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र नाही. कामात असशील. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, असं मला सांगायचं होतं.

बाळाचं पोटातलं चित्र काढलं. काळीज, यकृत, हाडं, सगळं जागच्या जागी आहे. बाई म्हणाल्या, इंजेक्शन वेळेत मिळालं. तुझ्या सिस्टरना सांग. उस्ताद बरोबर आले होते, पण बाहेर बसले. बाईंनी पडद्याकडे बोट दाखवून म्हटलं, वडिलांना बोलावू का, बघतील. मी म्हटलं, नको, त्यांना घाई आहे.

त्यांनी फुंकायला दुसरी बाई ठेवली आहे. बाळंतपण झालं की मी कुठे जायचं ते आपण ठरवू, असं ते म्हणाले. चांगल्या आवाजात म्हणाले. खर्चाला कमी पडू देणार नाही असंही म्हणाले. मी हो म्हटलं. खिडकीतून त्यांची पाठ दिसते. नवी बाई चुकली की ते तिला ओरडत नाहीत.

धाकटी


२० नोव्हेंबर

धाकटे,

हे पत्र आधी तू वाच. मग उस्तादांना वाचायला दे, आणि मग सासूबाईंपुढे मोठ्याने वाच. घरातला कुठलाच कान सोडू नकोस.

तुझं ऑक्टोबरचं पत्र आलं त्याच दिवशी मला कळलं. लंबूचं रक्त स्वच्छ येणारच होतं. फुंकणी तोंडाला लावायच्या दिवसांत त्याचा हात गळ्यात अडकवलेला होता. त्याच्या जागी मी माणूस पाठवला होता, माझ्याच घरातला. तू बाईंना दोन नावं सांगितलीस आणि तिसरं गिळलंस. पत्राच्या शेवटी दर वेळी असतो तो भाऊजींना नमस्कारही नव्हता. तू मला वाचवत होतीस, आणि मी तुला सव्वा महिना तशीच राहू दिली. का, ते मला नीट सांगता येत नाही. मी कामावर जात होते, येत होते, ह्यांची बॅग भरून देत होते. रोज वाटायचं उद्या लिहू.

एक गोष्ट लपवत नाही. सिस्टर म्हणाल्या, फुंकणीतून होणं फार क्वचित, आणि असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हा माझ्याही मनात आलं ते, हे आणि तू. दोन दिवस ते माझ्या मनात होतं. मग मी तुझी पत्रं पुन्हा काढून वाचली. जिला काही लपवायचं असतं ती ओठावरच्या फोडाबद्दल आपल्या बहिणीला लोण्यासकट लिहीत नाही.

ह्यांना मी जेवताना विचारलं. मे महिन्यात तुमच्या ओठाला काय झालं होतं. ते म्हणाले, फुंकणी लागली होती. मी म्हटलं, फोड फुंकणी लागायच्या आधीचा की नंतरचा. त्यांनी घास खाली ठेवला. माझ्या माणसाला खोटं बोलता येत नाही, फक्त न बोलता येतं. एप्रिलमध्ये एका गावी, लॉजवर, एक बाई. फोड तिकडे यायच्या आधीच आला होता. आणि धाकटे, जुलैमध्ये अंगावर डाग उठल्यावर ते परगावी डॉक्टरकडे जाऊन इंजेक्शन घेऊन बरे होऊन आले. त्या डॉक्टरने विचारलं होतं, आणखी कुणाला धोका आहे का. हे म्हणाले, नाही. फुंकणीचं त्यांच्या लक्षातच आलं नाही म्हणतात. असेल. मी त्यावर विचार करणं सोडून दिलंय.

सिस्टरनी ह्यांचं रक्त पुन्हा तपासून घेतलं, जुन्या आजाराची खूण त्यात अजून आहे. त्यांनी तुझ्या डॉक्टरीणबाईंना फोन करून सगळं कळवलंय. उस्तादांना माझ्यावर विश्वास ठेवायचा नसेल तर त्यांना विचारावं.

उस्ताद, मी तुम्हाला मनात काय काय म्हटलं ते तुम्हाला माहीत नाही, आणि मी सांगणारही नाही. आजपासून बाकड्यावर झोपू नका.

ताई


९ जानेवारी

ताई,

मुलगी झाली. वजनाला बरी आहे, रडायला त्याहून बरी. टाचेतून रक्त घेतलं. बाईंनी आठवडाभर माझ्याकडे बघणं टाळलं आणि मग स्वतः वॉर्डात आल्या. तिला काही नाही. पुढे अजून दोनदा तपासतील, पण तिला काही नाही. तेव्हा मला रडायला आलं, किती महिन्यांनी. बाजूच्या खाटेवरच्या बाईने नर्सला हाक मारली, तिला वाटलं माझं पोट दुखतंय.

तुझं पत्र उस्तादांनी कारखान्यात उभ्याउभ्या वाचलं. मग आत येऊन माझ्यापुढे बसले आणि म्हणाले, पुसत बसू नका असं मीच ओरडायचो. एवढंच म्हणाले. नंतर दोन दिवस तेच म्हणत होते. मी त्यांना माफ केलं का, मला माहीत नाही. त्यांनी विचारलं होतं, कोण, ते अजून कानात आहे. पण ते आता आत झोपतात, मुलगी रडली की माझ्याआधी उठतात. सासूबाईंपुढे मी पत्र वाचलं. त्या उठून गेल्या आणि पाणी घेऊन आल्या, माझ्यासाठी. कारखान्यात आता प्रत्येकाच्या नावाचं तोंड आहे, फुंकणीला लावायचं आणि काढून ठेवायचं.

ताई, तू सगळ्यांचं लिहिलंस, स्वतःचं एक अक्षर नाही. तुझं रक्त तपासलं का? इतके महिने भाऊजी तो आजार घेऊन तुझ्या घरात होते. तुला कुठे फोड आला होता का, डाग, केस, काही? मला झोप लागत नाही. खरं लिही. तुला असेल तरी बरं होतं, मी बरी झाले ना.

धाकटी


१७ जानेवारी

धाकटे,

मुलीच्या रडण्याचं वाचून बरं वाटलं. तिला माझे पापे दे. डाव्या बाजूने पाज आधी, मग उजव्या.

माझं रक्त स्वच्छ आहे. नोव्हेंबरमध्येच तपासलं, परवा पुन्हा. सिस्टर जिना उतरून सांगायला आल्या, माझा हात धरून म्हणाल्या, तुमचं नशीब थोर, तुम्ही सुटलात. मी त्यांना चहा केला. त्यांनी साखर कमी मागितली ती मी विसरले.

तू घाबरू नकोस. मला होण्यासारखं काही नव्हतंच. ह्यांना मी विचारलं होतं, जुलैमध्ये तुम्हाला कळलं तेव्हा निदान मला का नाही सांगितलंत, मला लागलं असतं तर. ते म्हणाले, तुला लागायचा प्रश्नच कुठे होता. रागाने नाही म्हणाले. मी आठवून पाहिलं, शेवटचं कधी, आणि मला वर्षसुद्धा आठवेना.

ताई